वाचकांचे प्रश्न : संशोधन भांडारांत नेमके काय असते?

प्रश्न : शाळेच्या स्मरणिकेसाठी कोयनेच्या भूकंपावर लेख लिहायचा म्हणून मी इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या ऑनलाइन भांडारांत पुष्कळ साहित्य सापडले. त्यात पीएच.डी.चे प्रबंध आहेत, शासकीय अहवाल आहेत, नुसते आकड्यांचे तक्ते आहेत आणि एकच निबंध दोन-तीन रूपांतही आढळतो. हे सगळे सारख्याच विश्वासाने वापरावे का?
– एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : नाही. आपल्या प्रश्नातच त्याचे कारण आले आहे. संशोधन नियतकालिकाचा संपादक आलेला निबंध तज्ज्ञांकडे तपासायला पाठवतो आणि तो त्यांना पटला नाही तर परत करतो. भांडार सांभाळणारे ग्रंथपाल मात्र संस्थेतील अभ्यासकांनी केलेले काम जतन करतात, त्याची नीट नोंद ठेवतात आणि ते कोणालाही विनामूल्य वाचता येईल अशी सोय करतात. म्हणून एखादे काम भांडारात आहे एवढ्यावरून त्याचा दर्जा ठरत नाही. ते कोणी, कशासाठी लिहिले आणि कोणी तपासले हे प्रत्येक वेळी वेगळे पाहावे लागते.

आपलाच विषय घेऊ. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेत सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. धरणाचा जलाशय भरू लागल्यानंतर या परिसरातील भूकंप वाढले असल्यामुळे जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधाचा अभ्यास करणारे जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेकडे लक्ष ठेवून असतात. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाची जमिनीत खोदलेल्या खोल विवरांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा तर आपल्या कराडमध्येच आहे आणि तिच्या प्रकल्पात ३ किलोमीटर खोलीचे पथदर्शी विवर खोदले गेले आहे. अशा विषयावर वर्षानुवर्षे काम चालते तेव्हा निरनिराळ्या जातीचे साहित्य तयार होते. अहवालात काय केले आणि काय आढळले याची कार्यालयीन नोंद असते, पण त्याची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी झालेली असेलच असे नाही. परिषदेत वाचलेला निबंध बहुधा चालू कामाची पहिली वार्ता देतो. आपल्याला दिसलेले तक्ते म्हणजे मूळ मोजमापे. त्यांत निष्कर्ष नसतो, परंतु दुसऱ्याने काढलेला निष्कर्ष पडताळायचा तर त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही.

प्रबंधांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण स्थानिक विषयावर लिहिणाऱ्याला सर्वांत जास्त तेथेच मिळते. शोधनिबंध दहा-बारा पानांत आटोपतो. प्रबंधाला तीनशे पाने मिळतात आणि तो बाह्य परीक्षकांच्या नजरेखालून व मौखिक परीक्षेतून गेलेला असतो. पहिली दोन प्रकरणे पुष्कळदा इतरांच्या पुस्तकांची उजळणी असतात (ती भराभर उलटली तरी चालेल, असे माझे मत आहे). खरे धन परिशिष्टांत असते. पाहणीची प्रश्नावली, निवडलेल्या गावांची यादी, मुलाखती, जुन्या दप्तरांतील उतारे असे साहित्य निबंधात कधीच मावत नाही. प्रबंधकर्त्याचा निष्कर्ष आपल्याला मान्य नसला तरी त्याने जमवलेले हे साहित्य उपयोगी पडते.

एकाच निबंधाची जी दोन-तीन रूपे आपल्याला दिसली, ती बहुधा त्याच्या प्रवासातील टप्पे आहेत : नियतकालिकाकडे पाठवण्यापूर्वीचा मसुदा, तज्ज्ञांच्या सूचनांनुसार सुधारून स्वीकारला गेलेला मजकूर आणि प्रकाशकाने छापलेले अंतिम रूप. बरेच प्रकाशक अंतिम रूप भांडारात ठेवू देत नाहीत, म्हणून तेथे मधले रूप अधिक आढळते आणि वाचनासाठी ते पुरेसे असते. पहिल्या मसुद्याला प्रीप्रिंट म्हणतात. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ साली सुरू केलेले आणि आता कॉर्नेल विद्यापीठाकडे असलेले ‘अर्काइव्ह’ हे प्रामुख्याने अशा मसुद्यांचेच भांडार आहे. तपासणी न झालेले म्हणजे हलके, असेही समजू नये. रशियन गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमन यांनी प्वाँकारे अनुमान या गणितातील प्रसिद्ध कोड्याची सिद्धता २००२-०३ मध्ये तेथेच ठेवली, ती कोणत्याही नियतकालिकाला दिली नाही आणि गणितज्ञांनी ती तपासून मान्य केली. तरीही स्मरणिकेसाठी आपण छापून आलेलाच निबंध प्रमाण धरावा आणि प्रीप्रिंट वापरल्यास तसे स्पष्ट लिहावे.

प्रश्न : वाई तालुक्यातील शेती व्यवसायाची १९४० साली प्रसिद्ध झालेली पाहणी मी एम.ए.च्या प्रकल्पासाठी स्कॅन प्रतीवरून वाचली. जुना अहवाल आणि ऑनलाइन डेटा संदर्भ म्हणून देऊ नयेत, असे मला सांगण्यात आले. ते बरोबर आहे का?
– एक विद्यार्थिनी, वाई

उत्तर : मला ते पटत नाही. ही पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची आहे. १९३० साली स्थापन झालेल्या या संस्थेत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव जाऊन माहिती गोळा करण्याची जी पद्धत रुजवली, तिच्या आरंभीच्या कामांपैकी ती एक आहे. आजच्या वाईची तुलना तुम्हाला ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच्या वाईशी करायची असेल, तर त्यासाठी याहून योग्य आधार कोणता? मात्र संदर्भ देताना मूळ प्रकाशनाचे साल आणि संस्था आधी लिहा, आणि प्रत कोणत्या भांडारात पाहिली ते त्यानंतर.

डेटाचाही संदर्भ देता येतो. युरोपातील सर्न या कणभौतिकी संशोधन संस्थेने २०१३ पासून चालवलेल्या ‘झेनोडो’ या भांडारात डेटासंच, सॉफ्टवेअर, भित्तिपत्रके आणि सादरीकरणेसुद्धा ठेवता येतात, आणि प्रत्येक नोंदीला डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक आणि डेटासंचाची आवृत्ती लिहायला विसरू नका, कारण आकडे मागाहून दुरुस्त होऊ शकतात.

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९७० च्या दशकात शिवाजी विद्यापीठातून पीएच.डी. केली. त्यांचा प्रबंध ‘शोधगंगा’वर मिळत नाही. तो नष्ट झाला असेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तसा निष्कर्ष लगेच काढू नये. ‘शोधगंगा’ हे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे ऑनलाइन भांडार असून ते गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र चालवते, आणि प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देण्याचा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम २००९ चा आहे. त्यापूर्वीचे टंकलिखित प्रबंध विद्यापीठांनी स्कॅन केले तरच तेथे येतात, म्हणून जुन्या वर्षांत मोठी पोकळी दिसते. कोल्हापूरला विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात नाव, विषय आणि पदवीचे साल देऊन चौकशी करावी. आपल्याकडे घरची प्रत असेल तर तीही सोबत न्यावी. ग्रंथालयाची प्रत जीर्ण झाली असल्यास ती स्कॅनसाठी उपयोगी पडेल. याहून जुना प्रबंध शोधणाऱ्या वाचकांसाठी सांगतो की, शिवाजी विद्यापीठ १९६२ चे आहे. त्याआधी सातारा-सांगलीची महाविद्यालये पुणे विद्यापीठाला आणि १९४९ पूर्वी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. शोध त्या-त्या ठिकाणी घ्यावा लागेल.

प्रश्न : हळदीवरचे संशोधन शेतकऱ्याला पैसे न भरता वाचता येते का?
– एक हळद उत्पादक, मिरज तालुका

उत्तर : येते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या ‘कृषिकोश’ या भांडारात देशातील कृषी विद्यापीठांचे प्रबंध आहेत, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रबंधही तेथे पाहावेत. बहुतेक मजकूर इंग्रजीत असतो. त्यातील सारांश आणि उत्पादनाचे तक्ते कोणा जाणकाराकडून समजून घेतले तरी काम भागते. प्रयोग कोणत्या जमिनीत, किती पाण्यावर आणि किती हंगाम केला हे पाहिल्याशिवाय त्यातील खताची मात्रा आपल्या रानात वापरू नका, कारण पदवीसाठी केलेला प्रयोग अनेकदा एक-दोन हंगामांचाच असतो. राहुरी विद्यापीठाचे हळदीवर काम करणारे केंद्र तुमच्या जवळच, कसबे डिग्रजला आहे. प्रबंधातील ते पान घेऊन तेथील शास्त्रज्ञांना दाखवा आणि मगच ठरवा.