आठवतं तर सगळं, पण नेमकं नाही

यावेळी आलेल्या प्रश्नांमध्ये एक गंमत दिसली. विसरण्याची तक्रार फार कमी जणांची आहे, बहुतेकांना वेगळंच सतावतंय. गोष्ट आठवते, अगदी ठणकावून सांगता येते, आणि मग कळतं की तसं नव्हतंच. म्हणून आजचं सगळं सदर त्यावरच.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा, बायको ६३ ची. आमची हल्लीची भांडणं एकाच प्रकारची असतात. पहिलं घर बघायला गेलो तेव्हा पाऊस होता की नव्हता, बरोबर तिचा भाऊ होता की माझा मित्र, दार हिरवं होतं की निळं. दोघंही छातीठोकपणे सांगतो. कोणाचं खरं मानायचं? आणि हे वयामुळे होतंय का?

बहुतेक दोघांचंही थोडं थोडं खरं असणार, आणि दाराचा रंग कदाचित दोघांचाही चुकलेला असणार :)

वयाचा वाटा आहे, पण आपण समजतो तसा नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या साना कोर्क्की, जॉन सायमन्स वगैरे मंडळींचा २०२० चा एक अभ्यास आहे, तो मला फार आवडतो कारण त्यात "आठवतं का, हो की नाही" असं विचारलेलंच नाही. तरुण आणि वयस्कर लोकांना स्क्रीनवर रोजच्या वापरातल्या वस्तू दाखवल्या, एखादी अमुक जागी, अमुक रंगाची, अमुक दिशेला वळलेली. नंतर सांगितलं की डायल फिरवा आणि ती वस्तू होती तशी पुन्हा लावा. आता छत्री समजा गडद निळी होती. तिचा रंग साफ विसरलेला माणूस डायल कुठेही थांबवेल, लाल, पिवळा, काहीही. ज्याला आठवतंय पण धूसर आठवतंय तो निळ्याच्या आसपास थांबेल, थोडा हिरव्याकडे, थोडा जांभळ्याकडे. वयस्कर लोकांचं हे दुसरं जास्त झालं. आठवण सापडते की नाही यात दोन्ही गटांत मोठा फरक सगळ्यात अवघड टेस्टमध्येच दिसला, पण नेमकेपणा अभ्यासातल्या तिन्ही प्रयोगांत कमी भरला. आणि हे नुसतं नजर कमी झाल्यामुळे नाही, कारण बघण्यातला फरक त्यांनी हिशोबात धरला होता. चष्म्याचा नंबर वाढल्यावर पाटी दिसते पण अक्षरांच्या कडा पुसट होतात ना, तसंच काहीसं.

आता तुमच्या घराचं. तेव्हा तुम्ही एकच घर नक्कीच बघितलं नसणार, चार-पाच तरी बघितली असतील. कधी भाऊ आला असेल, कधी मित्र, एखाद्या वेळी पाऊस. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो आणि त्यात डेंटेट जायरस म्हणून एक छोटीशी पट्टी. एकसारख्या दिसणाऱ्या दोन घटना वेगवेगळ्या कप्प्यात ठेवायचं काम तिचं. वय वाढतं तसं हे वेगळं ठेवणं ढिलं पडतं आणि शेजारचा भाग, जो अर्धवट धाग्यावरून पूर्ण आठवण उभी करतो, तो वरचढ होतो. मग एका भेटीतला पाऊस दुसऱ्या भेटीतल्या दाराला जाऊन चिकटतो. क्रेग स्टार्क यांच्या लॅबमधल्या टेस्टमध्ये हे छान दिसतं: आधी वस्तूंचे फोटो दाखवायचे, नंतर काही तेच, काही अगदी नवीन आणि काही जवळपास तसेच दाखवायचे. जो फोटो तोच आहे तो वयस्कर लोक बरोबर ओळखतात, नवीनही ओळखतात, गडबड होते ती जवळपास तशाच फोटोत, "हो हो, हाच होता" म्हणून मोकळे होतात.

राहिली तुमची खात्री. तिला पुराव्यात धरू नका. १९८६ मध्ये चॅलेंजर यानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी उल्रिक नायसर यांनी कॉलेजच्या मुलांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कोणी सांगितलं. साधारण अडीच-तीन वर्षांनी तेच पुन्हा विचारलं. कित्येकांनी वेगळीच जागा, वेगळीच माणसं सांगितली, तीही पूर्ण खात्रीने, आणि स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी आधीची आठवण काही परत आली नाही. ही सगळी विशीतली पोरं होती बरं का.

तेव्हा भांडायचंच असेल तर आधी दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा आणि मग बोला. एकदा का एकाने मोठ्याने सांगितलं की दुसऱ्याच्या आठवणीत ते शिरतंच, मग कोणाचं मूळ काय होतं हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : वय ४७. ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी तोंडावर येत नाही. डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) सुरुवात झाली का?

नाही. नावं हा मुळातच सगळ्यात नाठाळ प्रकार आहे, कारण नावाला अर्थाचा टेकू नसतो. माणूस डॉक्टर आहे हे लक्षात राहायला दहा गोष्टी मदत करतात, नावाच्या मदतीला कोणीच नसतं. शिवाय चेहरा वेगळा लक्षात राहतो, नाव वेगळं, पण त्यांची जोडी लक्षात ठेवणं वयाबरोबर जड जातं, त्यावर मोशे नावे-बेंजामिन यांनी २००० सालापासून भरपूर काम केलंय. नाव थोड्या वेळाने आपोआप आठवत असेल तर सोडून द्या.

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे. "ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही" हे मी तिला शंभरदा सांगितलंय. चार दिवसांनी ती मलाच सांगते की तूच म्हणालीस उपाशीपोटी घे. मुद्दाम करते का असं वाटायला लागलंय आता.

मुद्दाम नाही हो. चूक तिची नाही, वाक्याची आहे, आणि शंभरदा सांगितल्यामुळे ती अजून पक्की झालीये!

२००५ मध्ये इयान स्कर्निक आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. लोकांना आरोग्याबद्दलची विधानं वाचायला दिली आणि कुठलं खरं कुठलं खोटं तेही सांगितलं, काही विधानं एकदाच, काही तीनदा. वयस्कर मंडळींना "हे खोटं आहे" असं वारंवार सांगितलेलं त्याच दिवशी बरोबर आठवलं. पण तीन दिवसांनी नेमकी तीच विधानं त्यांना जास्त खरी वाटायला लागली. कारण विधान ओळखीचं झालं आणि त्याला लावलेली "खोटं" ही चिठ्ठी गळून पडली. तुमच्या वाक्यात ती चिठ्ठी म्हणजे शेवटचा "नाही". तो गळाला की उरतं काय, गोळी आणि उपाशीपोट.

म्हणून नकार काढून टाका. "जेवण झालं की गोळी", बास, तेवढंच, रोज त्याच शब्दांत. गोळीच्या डबीवर पण तेच लिहा, "उपाशीपोटी" हा शब्दच घरात येऊ देऊ नका. व्हॉट्सॲपवरच्या अफवांचंही हेच आहे, अफवा परत परत म्हणून दाखवून ती कशी खोटी आहे ते समजावत बसाल तर काही दिवसांनी अफवाच लक्षात राहू शकते. खरी गोष्ट काय तेवढीच सांगा.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त माणूस, घरच्यांसाठी आठवणी लिहून काढतोय. तुमच्यासारख्यांचं वाचलं की वाटतं म्हाताऱ्याच्या शब्दावर कोणी विश्वासच ठेवू नये. मला तर तरुणपणीचं सगळं स्वच्छ आठवतं. मग लिहू की नको?

काका, लिहा, जरूर लिहा. तुमचा राग रास्त आहे, आमच्या क्षेत्रातले लोक चुकाच मोजत बसतात हे खरंच आहे.

त्यावर उतारा म्हणून टोरोंटोमधल्या निकोलस डायमंड आणि ब्रायन लेव्हिन यांच्या टीमचं २०२० मधलंच काम बघा. त्यांनी तरुण आणि वयस्कर लोकांना खऱ्याखुऱ्या अनुभवातून नेलं, म्हणजे काय काय घडलं ते पडताळून बघता येईल असं, आणि काही दिवसांनी, काहींना तर काही वर्षांनी, विचारलं की आठवेल ते सांगा. वयस्कर लोकांनी कमी तपशील सांगितले हे खरं, पण जे सांगितले त्यातले ९३ ते ९५ टक्के बरोबर निघाले, आणि हा आकडा तरुणांत आणि वयस्करांत सारखाच! याच विषयावर काम करणाऱ्या संशोधकांना अंदाज विचारला होता, त्यांचा अंदाज याच्या बराच खाली होता.

मग वरचं डायलचं काय, असं तुम्ही विचाराल. दोन्ही खरं आहे. डायलवर तुम्हाला नेमका रंग दाखवावाच लागतो, सुटका नाही. स्वतःच्या मनाने सांगताना मात्र माणूस किती बारीक सांगायचं ते स्वतः ठरवतो, "सव्वातीन वाजले होते" असं न म्हणता "दुपार होती" म्हणतो, आणि दुपार होतीच. माझ्या मते आठवणी लिहिताना सगळी मेख इथेच आहे. जिथे "दुपार" एवढंच आठवतंय तिथे दुपारच राहू द्या, वाक्य छान दिसावं म्हणून सव्वातीन करू नका. संवाद अवतरणचिन्हांत घालायचा मोह होईल, शब्द खरंच कानात असतील तरच घाला.

आणि घरच्यांना सांगून ठेवा की "गाडी निळी होती ना हो?" असं विचारायचं नाही, "गाडीचं काय आठवतं?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाने निळा रंग आत जातो आणि मग तो तुमचाच होऊन बसतो.

तरुणपणीचं स्वच्छ आठवतं यात नवल नाही, साधारण १० ते ३० वर्षांमधल्या आठवणी बहुतेकांच्या जास्त असतात, पहिली नोकरी, लग्न, नवीन गाव, सगळं त्यातच येतं ना. फक्त एवढं आहे की जे किस्से तुम्ही वर्षानुवर्षं सांगत आलात त्यात घटना कमी आणि मागच्या वेळी सांगितलेला किस्सा जास्त आठवत असतो. कधीच कोणाला न सांगितलेल्या आठवणी आधी लिहून काढा, त्या कमी वापरलेल्या आहेत.

प्रश्न : वय ३४. आत्तापासून ब्रेन गेम्स खेळले तर फायदा होईल का?

त्या गेममध्ये तुम्ही हुशार व्हाल. त्यापलीकडे रोजच्या आठवणी नेमक्या होतील असा भरवसा मी देणार नाही. त्यापेक्षा चालणं, पुरेशी झोप, बीपी-शुगर ताब्यात आणि कान तपासणं, कारण जे नीट ऐकूच आलं नाही ते नेमकं आठवणार कुठून. बाकी लक्षात ठेवायची गोष्ट पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून बघा, ती जास्त टिकते.

प्रश्न : मग डॉक्टरकडे कधी जायचं?

तपशील इकडेतिकडे झाले म्हणून नाही. पण अख्खी घटनाच पुसली गेली, म्हणजे काल लग्नाला जाऊन आलो हेच आठवत नाही, आठवण करून दिली तरीही नाही, तर जायचं. एकच प्रश्न तासाभरात तीनतीनदा, रोजच्या रस्त्यावर चुकणं, वर्षानुवर्षं जमणारे पैशाचे हिशोब अचानक न जमणं, ही पण कारणं आहेत. शेजाऱ्याशी तुलना करू नका, दोन वर्षांपूर्वीचा तोच माणूस आणि आत्ताचा तोच माणूस अशी करा.

आणि गेल्या गेल्या डिमेन्शिया हाच शब्द ऐकायला मिळेल असं समजू नका. बी-१२ कमी असणं, थायरॉईड, डिप्रेशन, झोपेत श्वास अडकणं, यातलं काहीही निघू शकतं आणि त्यावर उपाय असतात. झोप आणणाऱ्या काही ॲलर्जीच्या गोळ्या, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली काही औषधं, यांचाही आठवणीवर परिणाम होतो, तेव्हा चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी बरोबर न्या, स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका. आणि एकटं जाऊ नका, रोज सोबत राहणाऱ्या कोणाला तरी घेऊन जा. काय आठवत नाही याची यादी ज्याला आठवत नाही त्याच्याकडे नसते, आणि डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतात.