लोकर, दोरे आणि मण्यांचा वाढता पसारा कोल्हापूरच्या पावसात कसा सांभाळावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात भाड्याच्या दोन खोल्या, लॉकडाऊनमध्ये लागलेला क्रोशाचा नाद, त्यात बाळाचं विणकाम, आणि आता लोकर, भरतकामाचे दोरे, मणी, बटणं हे सगळं पलंगाखालून बाहेर यायला लागलंय. ऑनलाइन दिसतात तसले पारदर्शक डबे घ्यावेत, की उघड्या फळ्यांवर रंगानुसार लावावं, आणि पावसाळ्यात काय करावं?

डबे आत्ताच घेऊ नका. आणि रंगानुसार तर अजिबात लावू नका. हे दुसरं मी स्वतःच्या पैशानं शिकले आहे.

मी मंगळवार पेठेत राहते, पंचवीसेक वर्षं विणते. सात-आठ वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत हॉलमधलं कडप्प्याचं फडताळ रिकामं केलं आणि सगळी लोकर रंगवार मांडली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. येणारा-जाणारा बघत उभा राहायचा, मीही खूश. दोन पावसाळे गेले. पुतणीला दिवस गेले म्हणून बाळाच्या टोपीसाठी पांढऱ्या ओळीतला एक गुंडा काढला. धागा ओढला तर हातभर आला आणि सुटला. पुन्हा ओढला, पुन्हा हातभर, पुन्हा सुटला. गुंडा उलगडून बघते तर आत तांदळाच्या कणीएवढ्या पांढरट नळ्या आणि वाळूसारखी बारीक भुकटी. कसर, म्हणजे लोकर खाणारी अळी, लागली होती. ती मनालीहून आणलेली शुद्ध लोकर होती. तिला खेटून बसलेला पांढरा ॲक्रिलिकचा गुंडा मात्र जसाच्या तसा!

तेव्हापासून मी धाग्याच्या जातीप्रमाणे लावते. प्रत्येक जातीचा शत्रू वेगळा आहे, म्हणून बंदोबस्तही वेगळा. आपल्याकडे सगळ्यालाच 'लोकर' म्हणतात, पण दुकानात मिळणारी बरीचशी लोकर ॲक्रिलिकची असते. लेबल असेल तर बघायचं. नसेल तर बोटभर तुकडा कापून चिमट्यात धरायचा, खाली स्टीलचं ताट घ्यायचं आणि काडी लावायची. केस जळल्यासारखा वास आला, ज्योत काढल्यावर आपोआप विझलं आणि राख बोटानं चुरडली, तर शुद्ध लोकर किंवा रेशीम. कागदासारखं भसाभसा जळून मऊ राख उरली, तर सूत. वितळून काळा टणक मणी झाला, तर ॲक्रिलिक. त्या मण्याला लगेच हात लावू नका, चटका बसतो. मिश्र धाग्यात थोडं हे थोडं ते दिसतं; केसांचा वास आला की मी तो लोकरीतच टाकते.

आता शुद्ध लोकर. ती खाते ती अळी. उडणारा तो बारीक सोनेरी पतंग काहीच खात नाही, फक्त अंडी घालतो. त्याला अंधार आणि कुणाचा हात न लागलेली जागा आवडते, आणि अळीला घामाची, तेलकट लोकर जास्त आवडते. म्हणून उसवलेल्या जुन्या स्वेटरची लोकर धुतल्याशिवाय नव्या लोकरीत मिसळायची नाही. बाहेरून आलेली प्रत्येक शुद्ध लडी मी आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करते आणि दोन आठवडे फ्रीझरमध्ये टाकते. सासूबाईंनी एकदा ती पिशवी मटार समजून बाहेर काढली होती, तेव्हापासून तिच्यावर मोठ्या अक्षरात 'लोकर' लिहिलेलं असतं. एक पथ्य आहे: फ्रीझरमधून काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतलं थंड असतं, उघडलं की हवेतलं पाणी थेट लोकरीवर जमतं. दिवसभर तशीच राहू द्या, मग उघडा.

कडुनिंबाचा पाला आणि वेखंड सासूबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेतल्या घोंगड्यात असतं, मीही ठेवते. पण त्याचा उपयोग पतंग फिरकू नये एवढ्यापुरताच. आत आधीच अंडी असली तर पाल्यानं ती मरत नाहीत. पाला सावलीत खडखडीत वाळवलेलाच हवा. ओला टाकलात तर बुरशीला तुम्हीच पाट मांडलात. वेखंड काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवायचं. घोंगड्याला ऊन दाखवणं मात्र मला पाल्याहून मोलाचं वाटतं. दसऱ्यानंतर ट्रंक उघडून सगळं झटकायचं, उलटसुलट करायचं. अंडी झटकण्यातच निम्मी जातात. लोकरीचं तेच करा, फक्त रंग उडेल इतका वेळ उन्हात ठेवू नका.

डांबरगोळ्यांबद्दल जरा थांबून सांगते, कारण तुम्ही बाळाचं विणता असं लिहिलंय. बाळाच्या लोकरीत डांबरगोळी नको म्हणजे नको. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असतं. अशा बाळाला डांबरगोळ्यांचा वास मुरलेल्या कपड्यांत गुंडाळलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. बाळाला तसं आहे की नाही हे बहुतेकांना माहीतच नसतं. आमच्याकडे गोळ्या होत्या, त्या मी बंद केल्या. सासूबाईंनी दोन दिवस तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी स्वतःच वेखंड मागवलं.

सुताची गोष्ट उलटी. त्याला कसर क्वचित लागते (खळ असलेल्या सुताला चंदेरी किडे लागतात तेवढंच), पण ओल त्याला खाते. माझे सासरे शाहू मिलमध्ये होते. ते सांगायचे, गिरणीत हवा मुद्दाम दमट ठेवायची, कारण कोरड्या हवेत सूत सारखं तुटतं. सूत ओलसर झालं की मजबूत होतं, लोकर ओली झाली की कमजोर होते. हे ऐकून मला वाटायचं, मग पावसाळा सुताला चांगलाच! पण मागावरचं सूत वाहतं असतं, कपाटातलं बसून असतं. जुलैत भिंतीला टेकवून ठेवलेल्या सुताच्या लड्यांवर ऑगस्टमध्ये करडे ठिपके आले. धुऊन वास गेला, ठिपके नाही गेले. त्या लड्यांची मी भांडी पुसायची फडकी विणली.

म्हणून बांधायची वेळ महत्त्वाची. पावसात डब्यात भरलं की ओल आतच कोंडते, आणि मग डबा जितका हवाबंद तितकं वाईट. लोकर तर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत पाणी पिते आणि हाताला ओली लागतही नाही. माझा नेम असा आहे: एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत, दुपारी, सगळं तासभर पसरून मग भरायचं. पावसाळ्यात घेतलेली लोकर उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून खोलीत वर टांगते, ऑक्टोबरच्या उन्हात बाहेर काढते आणि मग डब्यात. अभ्रा सुती हवा, हवा खेळते आणि धूळ बसत नाही.

डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. झाकण घट्ट असेल तरच त्यांचा उपयोग, उघड्या टोपलीत त्या पंचगंगेतली ओल थोडीच शोषणार आहेत! नारिंगी दाण्यांचं घ्या, ओल भरली की हिरवं होतं. मग केकच्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास वाळवलं की पुन्हा कामाला येतं. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, घरात लहान मुलं असतील तर ते नकोच.

ॲक्रिलिकला फारसं काही लागत नाही. कसर खात नाही, बुरशीही सहज धरत नाही. फक्त उंदरांपासून जपा, त्यांना घरट्यासाठी ती फार आवडते. तुमचे पारदर्शक डबे घ्यायचेच असतील तर ॲक्रिलिकसाठी घ्या, तिला ते शोभतात.

भरतकामाचे आणि रेशमी दोरे उजेडात उडतात. गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, पटवेकाम (दागिने दोऱ्यात गाठवणं) करणाऱ्यांकडे खिळ्याला टांगलेल्या लड्या बघून मीही खिडकीशेजारी तशाच टांगल्या होत्या. त्यांच्या लड्या रोज कामाला लागतात, माझ्या महिनोन्महिने लटकत राहिल्या. एका बाजूनं गर्द जांभळ्या, दुसऱ्या बाजूनं धुतलेल्या! आता पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर गुंडाळून, कोपऱ्यात शेड नंबर लिहून, चपलांच्या खोक्यात ठेवते.

बारीकसारीक वस्तूंत एकच मोठी चूक होते, ती गंजाची. अर्ध्या स्वेटरवर खूण म्हणून लावलेली साधी सेफ्टी पिन एका पावसाळ्यात तिथे तांबडा डाग सोडते, आणि तो सहजासहजी निघत नाही. माझ्या एका मोतिया रंगाच्या जाकिटाच्या खांद्यावर तसा डाग आहे, त्यावर मी फूल शिवलं. आता लोक विचारतात, एकाच खांद्यावर का? प्लास्टिकचे मार्कर वापरा, नाहीतर रंगीत धाग्याची गाठ. मणी-बटणं मुखवासाच्या बाटल्यांत. डिंक आणि इलॅस्टिक माळ्यावर नको, वरती पत्रा असेल तर मे महिन्यात डिंक दगड होतो आणि इलॅस्टिक मरतं.

लेबलं फेकू नका. शेड नंबर सारखा असला तरी लॉट नंबर (एका वेळी रंगवलेल्या मालाचा नंबर) वेगळा असेल तर रंगात फरक पडतो, आणि तो दिव्याखाली नाही, उन्हात दिसतो, म्हणजे स्वेटर घालून बाहेर पडल्यावर. उरलेला गुंडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा, लेबलमागे ग्रॅम लिहायचे आणि लेबल गुंड्याच्या पोटात खोचायचं. तान्ह्या बाळाची टोपी तीस-चाळीस ग्रॅममध्ये होते, त्यामुळे वजन लिहिलेला उरलेला गुंडा म्हणजे एक टोपी. न लिहिलेला म्हणजे नुसता पसारा. गुंडाही सैल गुंडाळा. शुद्ध लोकर ताणून गुंडाळलीत तर वर्षानुवर्षं ताणलेलीच राहते आणि विणलेलं पहिल्या धुण्यात आखडतं.

अर्धवट कामं, तुमच्याकडे किती आहेत ते लिहिलेलं नाही, म्हणजे बरीच असणार. प्रत्येकाला एक कापडी पिशवी. आत लोकर, सुई किंवा तिचा नंबर, आणि कुठवर आलं त्याची चिठ्ठी. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत १० म्हणजे ३.२५ मिलिमीटर आणि ८ म्हणजे ४ मिलिमीटर, नंबर वाढला की सुई बारीक. यूट्यूबवरचे नमुने मिलिमीटरमध्ये असतात, म्हणून चिठ्ठीवर दोन्ही लिहा. महिन्याच्या वर थांबणार असाल तर टाके सुईवर ठेवू नका, जाड दोऱ्यावर उतरवा. नाहीतर सुईच्या ओळीवर कायमची रेघ पडते आणि सुईही अडकून बसते.

जागेबद्दल. पश्चिमेकडच्या भिंतीला, जिथे पोपडे येतात, तिथे कपाट चिकटवू नका. चार बोटं अंतर ठेवा, मागून हवा फिरू द्या. पलंगाखाली ठेवायचं असेल तर पुठ्ठ्याची खोकी थेट फरशीवर नकोत, खाली विटा नाहीतर पाट. फरशीला ओल सुटली की पुठ्ठा ती आधी पितो.

तुम्ही कुठल्या मजल्यावर आहात ते लिहिलेलं नाही. तळमजला असेल आणि शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळीकडचा भाग असेल, तर वरचं सगळं दुय्यम आहे. २०१९ च्या महापुरात माझ्या वहिनींच्या शाहूपुरीतल्या घरात कमरेपर्यंत पाणी होतं. त्यांनी साड्या माळ्यावर टाकल्या, लोकरीच्या दोन पिशव्या पलंगाखालीच राहिल्या. पाणी उतरल्यावर ॲक्रिलिक आम्ही चार पाण्यांतून धुऊन डेटॉल घालून वापरात आणलं, शुद्ध लोकरीचा चिखलात नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला गोळा, झाला होता, तो टाकला. आता त्यांच्याकडे लोकर झाकणाच्या निळ्या पिंपात असते, आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्यानं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की पिंप माळ्यावर जातं. ४३ फुटांची धोक्याची पातळी येईपर्यंत थांबायचं नाही, तोवर गॅसची टाकी आणि मुलांची दप्तरं चढवायची घाई असते, लोकर कुणाच्या ध्यानात राहत नाही.