आधीच्या गेम्सच्या इतक्या गर्दीत नवा ऑनलाइन मल्टिप्लेअर गेम चालू शकतो का?

चालू शकतो, पण जुन्याचीच नक्कल असेल तर फार अवघड. सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ हा वेगवेगळ्या ताकदीची पात्रं घेऊन संघाने लढायचा शूटर गेम २३ ऑगस्ट २०२४ला ४० डॉलरला आला आणि ६ सप्टेंबरला बंद पडला. पैसेही परत करावे लागले. त्याच धाटणीचा ‘ओव्हरवॉच २’ फुकट होता, शिवाय मित्र, जमवलेल्या स्किन (पात्रांचे पोशाख), हाताला बसलेली सवय सगळं तिथेच. ते सोडून कोण येणार? त्यात खेळाडू कमी पडले की मॅच लागत नाही, आणि लॉबीत ताटकळून उरलेलेही निघून जातात. उलट त्याच वर्षी, त्याच किमतीचा सोनीचाच ‘हेलडायव्हर्स २’ तुफान चालला, कारण चौघांनी मिळून लढायची मजाच वेगळी होती. अपवाद ‘मार्व्हल रायव्हल्स’चा: साचा जुनाच, पण पात्रं ओळखीची आणि गेम फुकट.