नाना फक्त खाटेवरच का दिसतात?

"वय झालं होतं, हाल संपले, सोनं झालं." दारावर आलेला जो तो हेच म्हणून जातो. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण नव्वदीला टेकलेले आई-वडील गेले की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी पन्नाशी-साठीची मुलं नेमकी इथेच अडलेली असतात. म्हातारं माणूस भरलं आयुष्य जगून गेलं, मग मला इतकं का लागतंय? मी कमकुवत आहे का?

अमळनेर तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक याच प्रश्नाने आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.) वडील, म्हणजे नाना, 89 व्या वर्षी गेले. गंधमुक्ती, म्हणजे सुतक संपवणारा विधी, होऊन तीन महिने उलटले होते. बराच वेळ ते पेन्शनचे कागद, बँक, भाऊबंदकी असं बोलत राहिले. मग म्हणाले, "ताई, डोळे मिटले की नाना खाटेवरच दिसतात. मी अठ्ठावन्न वर्षं त्यांचा मुलगा होतो. बाकीचे नाना गेले कुठे?"

नाना शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, तीही रात्रभर. मुलाने गजर लावून हे केलं. थकलेल्या आणि घाबरलेल्या अवस्थेत माणूस जे पुन्हा पुन्हा पाहतो, ते मनात घट्ट बसतं. त्यामुळे शेवटची दोन वर्षं आधीच्या सत्त्याऐंशी वर्षांवर चढून बसतात. यात प्रेम कमी पडलेलं नसतं. उलट, ज्याने सेवा केली त्यालाच हा त्रास जास्त होताना मी पाहते. लांबून येऊन भेटून जाणाऱ्या भावंडांना नाना हसतानाही आठवतात. प्राण गेला त्या क्षणी "सुटलो" असं वाटलं, हेही या शिक्षकांनी मान खाली घालून सांगितलं. तसं पुष्कळांना वाटतं. कष्ट संपल्याचा तो सुटकारा असतो, माणूस गेल्याचा आनंद नसतो.

"चांगलं तेवढं आठवा" असा सल्ला मी देत नाही. ठरवून आठवायला बसलं की खाट आधी समोर येते. मी त्यांना सांगितलं की नानांना तुमच्या डोक्यात शोधू नका, बाहेर शोधा. ज्यांनी त्यांना खाटेवर पाहिलंच नाही, अशा माणसांकडे जा, त्यांच्या वस्तूंकडे जा.

पहिली निघाली काळी लोखंडी पेटी, वर पांढऱ्या रंगात फौजेचा नंबर. नाना 1955 मध्ये भरती झाले, सैन्याच्या ईएमई शाखेत गाड्यांचे मेकॅनिक म्हणून 15 वर्षं राहिले. युद्धात बंद पडलेले ट्रक आणि रणगाडे ओढून मागे आणायचे आणि दुरुस्त करून परत पाठवायचे, हे या शाखेचं काम. पेटीत 1965 चं रक्षा मेडल होतं. मुलाने भिंग लावून त्याच्या कडेवरची बारीक अक्षरं वाचली: नंबर, मग 'क्राफ्ट्समन' हा हुद्दा, मग नाव. लहानपणी हे मेडल त्यांनी खेळायला घेतलं होतं, कड कधी वाचली नव्हती.

मग ते शिरपूरला आत्याकडे गेले. तिने सांगितलं, लढाई संपल्यावर नाना सुटीवर आले तेव्हा घरात झोपेनात, खळ्यात जाऊन पडायचे आणि कुणाशी बोलत नसत. तिथे काय पाहिलं, ते त्यांनी बहिणीलाही कधी सांगितलं नाही. मुलाला वाटायचं, नाना फक्त आपल्याशीच अबोल होते.

तिसरा माणूस नानांचा शागीर्द, आता स्वतः सत्तरीचा. फौजेतून आल्यावर नानांनी ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि दोनच वर्षांत 1972 चा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, इंजिनं बंद. विहिरी खोल करणाऱ्यांची यंत्रं नाना उधारीवर चालू करून द्यायचे. पैसे पाऊस पडल्यावर. शागीर्द म्हणाला, "नाना भलता बोले, पन उपाशी कोनले जाऊ नही दे."

दुकानाची भिंत अजून तशीच आहे. लाकडी फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, कुठला पाना जागेवर नाही हे दारातूनच कळावं म्हणून. 14-15 चा पाना हरवला म्हणून याच फळीसमोर मुलाने नववीत असताना मार खाल्ला होता. हे सांगताना त्यांचा आवाज चढला. पहिल्यांदाच. मला बरं वाटलं. गेलेल्या माणसाला श्रद्धांजलीच्या फलकावरचा थोर पुरुष करून टाकलं की तो आणखी दूर जातो. रागीट नाना परत आले, त्यांच्या मागोमाग बाकीचेही आले. मुलीचे पाय पोचावेत म्हणून सायकलच्या पॅडलला लाकडी ठोकळे बसवून तिला शेजारच्या गावच्या शाळेत धाडणारे नाना, ते या शिक्षकांच्या बहिणीने आठवून दिले.

गेलेल्याशी नातं तोडलं म्हणजेच माणूस सावरला, असं पूर्वी मानलं जाई. 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी याच्या उलट मांडणी केली: नातं रूप बदलून चालू राहतं आणि ते निरोगी असू शकतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी घागर भरणाऱ्या खानदेशी माणसाला हे नवं वाटू नये. या गृहस्थांना मात्र पहिल्या आखाजीची धास्ती होती. आम्ही ठरवलं की आगारी (पितरांसाठी निखाऱ्यावर घास) टाकल्यावर, जेवायच्या आधी, ते नातवंडांना पेटी उघडून दाखवतील. त्यांनी दाखवली. धाकटीने विचारलं, रणगाडा पंक्चर होतो का? त्यावर अर्धा तास गेला.

खाट अजून दिसते, विशेषतः पहाटे. पण आता ती एकटी दिसत नाही, असं ते सांगतात.

तुमच्याही घरी असं असेल, तर आधी वयस्क माणसं गाठा, कारण तीही फार दिवस पुरणार नाहीत. मात्र सहा महिने ते वर्ष उलटूनही दुःखाची धार तशीच असेल, रोजची कामं होत नसतील, तर समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. जगूच नये असं वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.