आमच्या पॉमेरेनियन कुत्र्याचं पोट सारखं बिघडतं, जुलाब होतात, खायला काय द्यावं?

दोन-तीन दिवस फक्त मऊ शिजवलेला भात आणि उकडलेलं बोनलेस चिकन द्या, भात दोन वाट्या तर चिकन एक वाटी या हिशोबाने कालवायचं आणि दिवसातून चार वेळा थोडं थोडं घालायचं, मीठ-मसाला-तेल काही नको, चिकनची स्किन काढा आणि पाणी कायम समोर ठेवा. शी घट्ट झाली की नेहमीचं खाणं आठवडाभरात हळूहळू मिसळत आणा, एकदम बदललं की परत पहिले पाढे पंचावन्न.

आमच्याकडेही पॉमच आहे आणि व्हेटने (प्राण्यांच्या डॉक्टरने) हेच करायला लावलं होतं. सारखं बिघडत असेल तर आधी वरचं खाणं बघा, म्हणजे दूध, तुपाची पोळी, चहात बुडवलेलं बिस्किट, मटणाची चरबी (आजी-आजोबा टेबलाखालून काय देतात ते विचारूच नका). कुत्र्यांना दुधातली लॅक्टोज नीट पचत नाही, चरबीने पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाला सूज) होऊ शकतो, आणि कांदा, लसूण, मनुका तर विषारीच. घरातली जुलाबाची गोळी मनाने देऊ नका.

पण काही कुत्र्यांना चिकनचीच अ‍ॅलर्जी असते, त्यामुळे चिकन देऊन जुलाब वाढले तर ते थांबवा आणि शीची तपासणी करून घ्या, जंत किंवा जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) असेल तर डाएटने काही होणार नाही. पिल्लू असेल तर उपाशी ठेवू नका, रक्तातली साखर पटकन खाली जाते. रक्त पडतंय, सारख्या उलट्या होतायत किंवा मलूल पडलंय तर हे सगळं सोडा आणि त्याच दिवशी व्हेटकडे न्या.