रानातले वेचून खाताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रानातून वेचून किंवा शिकार करून मिळणाऱ्या अन्नापैकी आपल्याला स्वतःला सर्वांत काय आवडते? आणि नवख्याने कशापासून आरंभ करावा?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे माझे उत्तर एकच आहे : घोळ. हे ऐकून विचारणाऱ्याची थोडी निराशा होते, कारण त्याला एखाद्या दुर्मीळ अळंबीचे किंवा कड्यावरच्या मधाचे नाव अपेक्षित असते. घोळ मात्र जगाच्या बहुतेक उष्ण आणि समशीतोष्ण भागांत बांधावर, कुंडीत, फरशीच्या फटीत, कोठेही उगवते. मला तिची गोडी लागली ती तिच्या बदलत्या आंबटपणामुळे. पाण्याचा ताण पडला की ही वनस्पती दिवसा पानांची रंध्रे मिटून घेते, रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. दिवस चढेल तसे हे आम्ल वापरले जाते. त्यामुळे कोरड्या दिवसांत पहाटे खुडलेली घोळ चांगलीच आंबट लागते आणि तिसऱ्या प्रहरी खुडलेली सौम्य. तिच्या पानांत ओमेगा-३ गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल इतर पालेभाज्यांच्या मानाने पुष्कळ असते; ऑक्झॅलेटही बरेच असते, म्हणून मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती बेतानेच खावी.

नवख्यासाठी घोळ चांगली म्हणण्याचे दुसरे कारण असे, की तिचा मुख्य तोतया ओळखणे सोपे आहे. तिच्या शेजारीच नायटीच्या कुळातील, जमिनीला चिकटून पसरणारी तणे वाढतात आणि ती खाण्याजोगी नसतात. काडी मोडून पाहावी : पांढरा चीक आला तर ती टाकून द्यावी, कारण घोळीचा देठ जाड, गुळगुळीत व रसाळ असतो आणि त्यातून चीक येत नाही. मी स्वतः एकदा अंधार पडताना घाईने खुडले आणि घरी जुडी निवडताना तीत नायटीची काडी सापडली. तेव्हापासून उजेड कमी झाला की मी हात आवरतो आणि एका वेळी एकच वनस्पती गोळा करतो.

घोळीनंतर चाकवत आणि आंबुशी. चाकवताच्या कोवळ्या पानांवर पांढुरकी पूड असते आणि तीच त्याची खूण. हे तण खतावलेल्या जमिनीतून नायट्रेट भरपूर शोषते, म्हणून फवारणी झालेल्या शेतातले किंवा उकिरड्याशेजारचे घेऊ नये. आपण ज्यांना तण म्हणून उपटतो, त्यांपैकी कित्येकांचा अन्नाशी संबंध फार जुना आहे. डेन्मार्कमधील टोलुंड येथे १९५० साली दलदलीत सापडलेल्या, सुमारे २,४०० वर्षांपूर्वीच्या मनुष्याच्या पोटात जव आणि जवस यांच्या पेजेबरोबर तणांच्या बियाही मिळाल्या.

प्रश्न : अळंबी नीट शिजवली की तिचे विष जाते आणि पातेल्यात टाकलेले चांदीचे नाणे काळे पडले नाही तर ती निर्धोक समजावी, असे वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. हे कितपत खरे?

उत्तर : नाण्याची कसोटी संपूर्णपणे खोटी आहे. शिजवण्याबद्दलचे म्हणणे काही अळंब्यांना लागू पडते, काहींना मुळीच पडत नाही, आणि अर्धवट खरे असल्यामुळेच ते अधिक घातक आहे.

गुच्छीचे उदाहरण घ्या. अत्यंत नावाजलेली ही अळंबी कच्ची असताना विषारी असते आणि पुरेशी शिजवल्यावरच खाता येते. २०२३ साली अमेरिकेतील मोंटाना राज्यात एका उपाहारगृहात कच्च्या व अर्धवट शिजलेल्या गुच्छी खाल्ल्यानंतर ५१ जण आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. याच्या नेमके उलट डेथ कॅप, म्हणजे अ‍ॅमानिटा फॅलॉइडीस. जगात अळंबीच्या विषबाधेने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यूंना हीच जबाबदार आहे. तिच्यातील अ‍ॅमाटॉक्सिन उकळून, वाळवून किंवा गोठवूनही नष्ट होत नाही. खाल्ल्यावर साधारणतः सहा ते बारा तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात, ते थांबतात, रोग्याला बरे वाटू लागते, आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते. वाचलेल्या लोकांनी तिची चव छान होती असे सांगितले आहे, म्हणजे जिभेवरही विसंबता येत नाही.

आशियातून अमेरिकेत गेलेल्या कित्येकांनी ती ओळखीची भाताच्या पेंढ्यावरची अळंबी समजून खाल्ली, कारण कोवळेपणी दोन्ही अंड्यासारख्या दिसतात आणि दोघींच्याही बुडाशी पिशवी असते. पूर्ण उमललेल्या अळंबीचा दांडा कापून छत्री पाकळ्यांच्या बाजूने कागदावर रात्रभर ठेवली, तर तिच्यातून गळणाऱ्या बीजाणूंचा, म्हणजे बियांसारख्या बारीक पुडीचा, ठसा उमटतो; पेंढ्यावरचीचा गुलाबीसर असतो आणि डेथ कॅपचा पांढरा. कोवळ्या अंड्याचा मात्र ठसा घेताच येत नाही. ती वरून खुडली तर बुडाची पिशवी मातीतच राहते, म्हणून तपासण्यासाठी ती नेहमी मुळापासून उकरून काढावी. जाणत्या माणसाच्या हाताखाली काही मोसम काढल्याखेरीज अळंबीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुस्तकातल्या किंवा मोबाइलवरच्या चित्राने हे काम होत नाही.

प्रश्न : शिकारीचे मांस पाळीव जनावराच्या मांसापेक्षा आरोग्याला चांगले असते का?

उत्तर : कायद्याने परवानगी असलेलीच शिकार येथे गृहीत धरतो. रानातल्या जनावराचे मांस बहुधा कमी चरबीचे असते, आणि हा गुण मर्यादेपलीकडे दोष ठरतो. १९२८ साली न्यूयॉर्कमधील बेलव्ह्यू रुग्णालयाच्या देखरेखीखाली ध्रुवप्रदेशाचे संशोधक विल्ह्याल्मर स्टेफान्सन यांनी केवळ मांसावर राहण्याचा प्रयोग केला. सुरुवातीला त्यांना निव्वळ बिनचरबीचे मांस दिले, तेव्हा दोन-तीन दिवसांतच त्यांना मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबी वाढवल्यावर ते बरे झाले. नुसत्या सशांवर दिवस काढणाऱ्यांची हीच अवस्था होते.

रानडुक्कर आणि अस्वल यांच्या मांसात ट्रायकिनेला नावाचे कृमी असू शकतात. थंड प्रदेशातील अस्वलांतली त्यांची एक जात गोठवूनही मरत नाही, त्यामुळे मांसाचा आतला भाग ७१ अंश सेल्सियसपर्यंत तापेल असे शिजवणे हाच उपाय. शिशाची गोळी वापरली असेल तर तिचे कण डोळ्यांना दिसणाऱ्या जखमेच्या बरेच पलीकडे पसरतात. तेवढा भाग सढळ हाताने कापून टाकावा, किंवा मुळात तांब्याची गोळी वापरावी.

प्रश्न : पक्षी जी रानफळे खातात ती माणसाने खाण्यास हरकत नाही, हे खरे ना?

उत्तर : नाही. बेलाडोनाची काळी, चकचकीत फळे पक्षी खुशाल खातात. माणसाला मात्र त्यांतील अ‍ॅट्रोपीनमुळे विषबाधा होते आणि लहान मुलाच्या जिवावर थोडकी फळेही बेतू शकतात. यू या सूचिपर्णी झाडाच्या बीभोवतीचा लाल, मऊ गर तेवढा निर्विष असतो. पक्षी तो पचवतात आणि आतली बी अख्खीच बाहेर टाकतात. माणसाच्या दाताखाली तीच बी चावली गेली की तिचे विष मोकळे होते.