मुलीचा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे

प्रश्न : मी जळगावला पाइप कारखान्यात एक्स्ट्रूडरवर काम करतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित घेऊन. पाण्याच्या टाकाऊ बाटल्यांपासून पीव्हीसी मऊ करणारं तेल बनतं असं तिनं वाचलंय आणि आता तेच शिकायचं म्हणते. प्लॅस्टिकवर तर बंदी येतेय. तिला कॉम्प्युटरला घालू की सिपेटचा (केंद्र सरकारच्या प्लॅस्टिक प्रशिक्षण संस्थेचा) डिप्लोमा करू देऊ? – एक पालक

उत्तर : नमस्कार. तिनं वाचलंय ते अगदी खरं आहे. तुमचा पाइप कडक लागतो, म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर, म्हणजे हे मऊ करणारं तेल, पडत नाही. वायरचं आवरण, रेक्झिन, बागेतली नळी यांत मात्र तो भरपूर असतो. हे काम वर्षानुवर्षं डीओपी (डायऑक्टिल थॅलेट) या प्लॅस्टिसायझरनं केलं. आरोग्याच्या धोक्यामुळे युरोपात 2015 पासून त्याच्या वापराला खास परवानगी लागते. त्याची जागा घेणाऱ्यांत डीओटीपी (डायऑक्टिल टेरेफ्थॅलेट) आहे. दोघांचं रेणुसूत्र एकच, फक्त बेन्झिनच्या कड्यावरचे दोन गट एकात शेजारी, दुसऱ्यात समोरासमोर. आणि पीईटी या प्लॅस्टिकची पाण्याची बाटली म्हणजे डीओटीपीला लागणाऱ्या टेरेफ्थॅलिक आम्लाचीच साखळी! टायटेनियमचा उत्प्रेरक घालून ती 2-एथिलहेक्झेनॉल या अल्कोहोलबरोबर तापवली की साखळी तुटते, डीओटीपी मिळतं आणि ग्लायकॉल बाजूला निघतं.

खरी कसोटी पुढे आहे. बाटलीच्या तुकड्यांत ओल राहिली तर आम्लांक, म्हणजे तेलातलं आम्लाचं प्रमाण, चढतो. रंगीत बाटल्या मिसळल्या तर तेल काळपट येतं, आणि असा माल केबलवाला घेत नाही. ही अडचण सोडवायला रसायनशास्त्रात मुरलेलं माणूस लागतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : तिला रसायनाच्या शाखेत बी.टेक. करू द्या. सिपेटचा डिप्लोमा चांगलाच आहे, पण त्याचा भर मशीन, मोल्ड आणि प्रोसेसिंगवर. तुमच्या मुलीची ओढ रेणू बदलण्याकडे दिसते. त्यासाठी एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेची तयारी मनापासून करू दे. मुंबईत माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) पॉलिमर, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या लांब साखळीच्या रेणूंचं, इंजिनिअरिंग आहे. तुमच्याच गावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या केमिकल टेक्नॉलॉजी संस्थेत प्लॅस्टिक्सची शाखा आहे. घरी राहून शिकता येईल, खर्चही आटोक्यात राहील. यादीत साधं केमिकल इंजिनिअरिंगही ठेवा. पुढे मन बदललं तर औषधं, रंग, खतं, कुठेही जाता येतं.

बंदीची भीती मला पटत नाही. 2022ची देशव्यापी बंदी एकदा वापरून फेकायच्या ठरावीक वस्तूंवर आहे, वायरच्या आवरणावर नाही. उलट नियम कडक होतील तसं डीओपीला पर्याय शोधणाऱ्यांचं काम वाढेल.

परीक्षा झाली की, मालकांची परवानगी काढून, तिला एक दिवस कारखान्यात न्या. पीव्हीसीच्या रेझिनमध्ये (कच्च्या भुकटीत) काय काय आणि कशासाठी पडतं ते मिक्सरपाशी उभं राहून तुम्हीच तिला सांगा.